‘आहे’ आणि ‘शे’

“धुळे. एक फुल, दोन हाफ.”

मावशी एवढंच बोलली. कंडक्टरने यंत्रावर बटणं दाबली, तिकिटाची पट्टी टरकन फाडून तिच्या हातात दिली आणि “पाच सुट्टे बघा ना मावशी” म्हणत हात पुढे केला. पुढच्या सीटवर मावशी आणि तिचे जावई, मागे मी. जावयांच्या मांडीवर काळी बॅग होती आणि ती त्यांनी तान्ह्या पोरासारखी धरली होती. आत व्हीआरचा चष्मा.

“आई, हेच,” जावई म्हणाले. “हे एवढंच मी त्या बायांना शिकवतोय. बसमध्ये चढायचं, गावाचं नाव सांगायचं, हाफ मागायचा. चष्मा घातला की समोर कंडक्टर येतो, विचारतो, ‘कुठे जायचं?’ उत्तर बरोबर आलं की तिकीट मिळतं.”

“तुमचा कंडक्टर सुट्टे मागतो का?”

“नाही.”

“कावतो?”

“नाही हो.”

“असा कंडक्टर चष्म्यातच भेटायचा, जावईबापू.”

जावयांकडे गाडी आहे. पण मावशी गाडीने यायला तयार नव्हती. गाडीत काचा वर करून बसलं की नुसती झोप येते, बसमध्ये कान उघडे राहतात, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. आता जळगावात तिच्या ओट्यावर आठवड्यातून दोन दुपारी सिंधी बायका येतात आणि पाटी-वहीशिवाय मराठी शिकतात. जावई पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या दिवाळीत नातवाला खेळायला म्हणून हा चष्मा आणला, नातू दोन दिवसांत कंटाळला, आणि जावयांच्या डोक्यात ओट्यावरच्या बायका आल्या. म्हणजे दोघांच्या विद्यार्थिनी त्याच. भांडण त्यातूनच सुरू झालं. सासू-जावयाचं असल्यामुळे ते ‘अहो-जाहो’त चालतं, आणि म्हणूनच जास्त टोचतं.

या बायका कोण, ते सांगायला हवं. फाळणीत पंजाब आणि बंगाल कापले गेले, सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पलीकडे गेला. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर बोटी भरभरून माणसं मुंबईला उतरली. पुष्कळशी कल्याणच्या लष्करी छावण्यांत राहिली, तिथेच आजचं उल्हासनगर झालं. काही कुटुंबं गाडीत बसून आणखी आत आली, खानदेशात. जळगावचं कंवरनगर हे संत कंवरराम यांच्या नावाचं, धुळ्याचं कुमारनगरही सिंधी वस्तीचं. त्यांची तिसरी-चौथी पिढी फुले मार्केटात गिऱ्हाइकाशी अशी मराठी बोलते की आडनाव विचारल्याशिवाय कळू नये. पण येणं थांबलेलं नाही. अजूनही सिंधमधून नातेवाइकांच्या आधाराने कुटुंबं येतात, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात, वर्षानुवर्षं. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा हिंदूंचे हे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवले गेले. त्या दिवसांत राज्यातल्या पाकिस्तानी नागरिकांचे आकडे छापून आले, त्यात नागपूर आणि ठाण्यापाठोपाठ आपल्या जळगावचं नाव वाचून अनेकांना नवल वाटलं. कंवरनगरात कुणाला वाटलं नाही.

कागदावर या बायका ‘निर्वासित’ही नाहीत. 1951 च्या जागतिक निर्वासित करारावर भारताची सहीच नाही. आणि मराठी त्यांना कायद्याने येण्याची गरजही नाही. नागरिकत्वासाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही एक भाषा यावी लागते, आणि 1967 पासून सिंधी त्या अनुसूचीत आहे. मार्च 2024 मध्ये नागरिकत्वाच्या नव्या कायद्याचे नियम आले, त्यांतही अट तीच. बाई सिंधीत चार वाक्यं बोलली की भारतीय व्हायला भाषेची अडचण नाही. अडचण येते ती दुधाच्या डेअरीवर.

ही गोष्ट मावशीनेच पाळधीच्या आसपास पुन्हा काढली. सिंधीत दुधाला खीर म्हणतात. नवी आलेली एक तिशीची बाई डेअरीवर गेली आणि तिने अर्धा लिटर खीर मागितली. डेअरीवाला वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “खीर पाहिजे तर हॉटेलात जा ना ताई,” आणि मागची रांग हसली. बस, एवढंच. त्या दिवसापासून तिच्याकडे दूध तिचा तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा आणतो. त्याला सहा वर्षं झाली; मुलगा आता चौदाचा आहे.

“तेच सांगतोय मी,” जावई सरसावून बसले. “स्टीफन क्रॅशेन म्हणून अमेरिकेतले भाषेचे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं, शिकणाऱ्याच्या मनात लाज आणि भीती असली की मध्ये गाळणी बसते. भाषा कानावर पडते पण आत उतरत नाही. तुमच्या ओट्यावर ती बाई वर्षभर येतेय. बोलली कधी?”

“ऐकते.”

“बोलली का?”

मावशी खिडकीबाहेर बघायला लागली. कारण यातलं खरं तिला ठाऊक होतं, आणि मलाही. चष्म्याच्या वर्गाच्या तिसऱ्या रविवारी मी तिथेच होते. बैठकीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बाई बसली, ओढणी कानामागे खोचली, जावयांनी चष्म्याचा पट्टा तिच्या अंबाड्यावरून सैल करून बसवला. तिच्या पुढ्यात, आम्हाला न दिसणारा, एक भाजीवाला उभा राहिला असणार. तिने हात पुढे केला आणि हवेत काहीतरी उचललं. मग म्हणाली, “मला अर्धा किलो वांगी द्या.” पहिल्यांदा पुटपुटली. दुसऱ्यांदा नीट. पाचव्या वेळी इतक्या मोठ्याने की स्वयंपाकघरातून माझी मावसबहीण डोकावली. ओट्यावर हीच बाई तोंडावर पदर घेऊन बसायची. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मी पूर्ण मावशीच्या बाजूची होते.

“ती बोलली, कारण तिला आपण कुणी दिसत नव्हतो,” जावई म्हणाले. “हसणारी रांग नाही. शंभर वेळा चुकली तरी भाजीवाल्याचा चेहरा तसाच. आई, अशी जागा तिला सगळ्या जळगावात कुठे मिळणार आहे?”

“तिला आपण दिसत नव्हतो हे खरं,” मावशी वळून म्हणाली. “म्हणजे ती आपल्याशी बोललीच नाही.”

एरंडोलला बस थांबली. शेंगदाणे, वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्या खिडकीशी आल्या. जावयांनी शेंगदाणे घेतले. मावशीने तेवढ्यात शेंगदाणेवाल्याला त्याच्या पोरीच्या लग्नाचं विचारून घेतलं. ती त्याला ओळखत नव्हती.

बस निघाल्यावर तिने नवा मुद्दा काढला. “बरं, ती वांगी. जांभळी, लांबोडकी. जळगावात बाजार मांडलाय ना तुम्ही? मग भरताचं वांगं कुठंय?”

जावयांनी कबूल केलं की वांगी तयार मिळणाऱ्या चित्रांतून घेतली आहेत. आमचं भरताचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात मावणार नाही एवढं. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. काडीकचऱ्याच्या आगीत भाजलेल्या त्या वांग्याचा वास एक वेळ चष्म्यात न येवो, रंग तरी यायला हरकत नव्हती. पण हा मुद्दा किरकोळ होता आणि मावशीलाही ते माहीत होतं. तिला ‘ळ’वर यायचं होतं.

“केळ्याचं काय केलं तुमच्या यंत्राने, सांगा हिला.”

झालं होतं असं. सिंधीत ‘ळ’ नाही. बाई म्हणाली ‘केली’. यंत्र म्हणालं, ‘कृपया पुन्हा बोला’. बाई पुन्हा ‘केली’. चार वेळा. पाचव्यांदा तिने केळ्यांचा नाद सोडून ‘पेरू’ मागितले.

“यंत्र मी अजून सैल करू शकतो,” जावई म्हणाले. “पण उच्चार शुद्ध झाला तर तिचाच फायदा आहे.”

“कुणाच्या तोंडचा शुद्ध? रावेर-यावलला केळीच्या बागाच्या बागा आहेत, जावईबापू. ज्यांनी ती केळी लावली, पाणी दिलं, ट्रकांत भरली, ते काय म्हणतात? केयी. डोळ्याला डोया, शाळेला शाया. आसोद्याची बहिणाबाई काय म्हणत होती? तिला उभी करा तुमच्या चष्म्यासमोर. ‘कृपया पुन्हा बोला’!”

इथे मला राहवलं नाही, मी मागून हसले. बहिणाबाई चौधरी 1880 ते 1951 या काळातल्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या म्हणून उरल्या. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. परीक्षेला एकदाही न बसलेल्या बाईच्या नावाने आता पदव्या मिळतात, आणि त्यांच्या बोलीत केळी मागितली तर यंत्र नापास करतं. मावशीच्या हाती हुकमाचा एक्का होता.

पण जावईही कच्चे नव्हते. “मग अहिराणी शिकवू का मी त्यांना? उद्या मुलाच्या शाळेत जायचं, तहसीलमध्ये अर्ज द्यायचा, डॉक्टरला पोटात कुठे दुखतं ते सांगायचं. तिथे ‘शे’ चालणार आहे? तिथे ‘आहे’च लागणार.”

यावर मावशी जे बोलली ते मी तिच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ती ओट्यावर काय करते हे मला त्या दिवशी कळलं.

“‘आहे’ तिला शिकवायलाच लागत नाही,” ती म्हणाली. “सिंधीत ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात. पाण्याला पाणीच म्हणतात, आपलाच ‘ण’. माझा पहिला धडा कोणता माहिती आहे? मी नव्या बाईसमोर तांब्या ठेवते आणि म्हणते, ‘पाणी आहे.’ बस. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिला वाटतं मी सिंधी बोलले. मी सांगते, मराठी बोलले. मग ती म्हणते, ‘पाणी आहे.’ पहिलं मराठी वाक्य, एका चुकीशिवाय. तिच्या आजीच्या तोंडचं.”

जावई गप्प. मी मनात ते वाक्य घोळवत होते. शेजारची अहिराणी बाई म्हणणार, ‘पानी शे’. म्हणजे सिंधहून आलेली बाई पुण्याच्या पाठ्यपुस्तकाच्या जितकी जवळ, तितकी शंभर पिढ्या तापीकाठी राहिलेली शेजारीण नाही. प्रमाण कोण आणि परकं कोण, याचा हिशोब बसच्या खिडकीतून मला काही जमला नाही.

“तुमच्या चष्म्यातला पहिला धडा कुठला?” मावशीने विचारलं.

“‘नमस्कार, माझे नाव अमुक आहे.’”

“तिचं नाव विचारतं कोण? सगळे तिला अमक्याची आई म्हणतात.”

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. बस डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. नेमकं तेव्हाच जावयांना वाटलं की आईंनी एकदा बाजार बघावाच. मावशीनेही हट्टाने चष्मा चढवला. मिनिटभरात तिने तो काढला आणि कपाळाला हात लावला. डोळे सांगतात आपण बाजारात थांबलोय, कानाच्या आतला तोल सांगणारा भाग सांगतो आपण हलतोय. दोघांचं जुळलं नाही की पोटात ढवळतं. घरात खुर्चीवर बसूनही काहींना हा त्रास होतो, आणि चष्म्याच्या भिंगांमधलं अंतर चेहऱ्याला बसलं नाही तर जास्त होतो. पहिल्या रविवारी एका म्हातारीला झाला होता. मावशीने पिशवीतून आवळासुपारी काढली, एक स्वतःला, एक न विचारता जावयांना.

सुपारी चघळत ती जरा मवाळ झाली. “तुमची हात पुढे करून वस्तू उचलायची गोष्ट मात्र बरी आहे. अंग हललं की शब्द बसतो. आमच्या बालवाडीत ‘हात वर, हात खाली’ तेच होतं.”

“जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर अख्खी पद्धत बसवली, 1960 च्या दशकात.”

“त्याच्या आधी आमची बालवाडी होती.”

बालवाडीचं साल काढत बसण्यात अर्थ नव्हता. जावयांनी जर्मनीचा मुद्दा पुढे केला. तिथे 2005 पासून बाहेरून आलेल्यांसाठी सरकारी वर्ग आहेत. भाषेच्या 600 तासिका, वर 100 तासिका तिथल्या कायद्याच्या आणि रीतिभातीच्या. फक्त बायकांसाठी वेगळे वर्गही काढले गेले आणि त्यांत भाषेच्या तासिका 900 पर्यंत ठेवल्या. “आपल्याकडे असं काहीच नाही. म्हणून म्हणतो, यंत्राची मदत घ्या.”

“नऊशे तासिका,” मावशीने तो आकडा तोंडात घोळवला. “आणि तितका वेळ तिचं लेकरू कोण सांभाळतं? तिथे तो विचार कुणीतरी केला असणार. माझ्या ओट्यावर वेळ साडेतीन ते पाच. त्यातही पापड वाळत घातलेले असले की आभाळ आलं म्हणून अर्ध्या उठून जातात. त्यांना मराठी येत नाही हे दुखणं नाहीच, जावईबापू. मराठी बोलायला त्यांना कारण नाही. दूध मुलगा आणतो, भाजी सासरा आणतो, दवाखान्यात नवरा बोलतो. बाई बोलणार कुणाशी आणि कशाला?”

“म्हणूनच तर! बाहेर जायची मुभा नाही, तर बाजार घरात आणला मी.”

“त्याचीच मला भीती वाटते.”

हे ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

“मी एकेका सासूला जाऊन सांगते. म्हणते, मास्तरीणबाईंनी घरचा अभ्यास दिलाय, सुनेला एकटीला मार्केटात पाठवा, एक वस्तू आणू द्या, मला येऊन दाखवू द्या. गृहपाठ म्हटलं की सासू नाही म्हणत नाही. पहिल्या वेळी कोथिंबिरीची जुडी येते. दुसऱ्या वेळी पाव किलो मिरची. एका बाईने तर गोलाणी मार्केटात जाऊन मोबाइलची काच बदलून आणली होती. आता तुमचा चष्मा आला. उद्या सासू म्हणेल, बाजार घरातच दिसतोय की, आता बाहेर काय काम आहे? मी तीन-चार वर्षं खपून दार किलकिलं करायचं आणि तुम्ही आतून भिंतीवर दाराचं चित्र काढून द्यायचं.”

बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. मला वाटलं जावई रागावले. पण ते बॅगेच्या चेनशी चाळा करत विचार करत होते.

“दोन्ही जोडलं तर?” ते शेवटी म्हणाले. “चष्म्यात मिरची मागायची, आणि त्याच संध्याकाळी खरी मिरची आणायची. ती आणल्याशिवाय पुढचा धडा उघडणारच नाही. तुम्ही आकडा दाबायचा. किल्ली तुमच्याकडे.”

“आणि डेअरीवाला?”

“टाकतो. रांगही टाकतो. हसणारी.”

“हसणारी कशाला?”

“घरात एकदा हसून घेऊ दे रांगेला. तिने उलटून काहीतरी बोलायचं. मग बाहेर सवय असेल.”

मावशीने उत्तर दिलं नाही, पण दुसरी सुपारी काढून दिली. माझं मत विचाराल तर हसणाऱ्या रांगेची ही कल्पना मला जावयांच्या सगळ्या बोलण्यात सरस वाटली; आणि तरीही त्या तिशीच्या बाईला खरी रांग हसली तेव्हा ती तिच्या ‘खीर’ शब्दाला हसली, तो शब्द चुकीचा नव्हता, नुसता दुसऱ्या गावचा होता, हे चष्म्यात कसं दाखवणार ते मला कळत नाही. डेअरीवाल्याला चष्मा घालावा काय? हे मी मोठ्याने बोलले नाही. फागण्याचा थांबा मागे पडला होता आणि मावशी चप्पल शोधत होती.

कुमारनगरात आम्ही दादींकडे गेलो. सिंधीत दादी म्हणजे आजी नव्हे, थोरली बहीण. मावशीची पहिली नोकरी धुळ्यात लागली तेव्हा ती यांच्याकडे भाड्याने राहायची. दादी 1948 मध्ये आईच्या कडेवर आल्या, आता ऐंशीच्या आसपास आहेत. शाळा दुसरीपर्यंत. पंधराव्या वर्षापासून डोक्यावर पापडांची पाटी घेऊन आजूबाजूची खेडी फिरल्या. त्यांना मराठी कुणी शिकवली, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “उधारीने.” पापड उधार द्यायचे, मग पैसे मागायला पुन्हा जायचं, दर वेळी नवी सबब ऐकायची, नवं उत्तर द्यायचं.

आम्ही चहा घेत असताना दादींचं लक्ष बॅगेकडे गेलं. ते काय आहे ते कळल्यावर त्यांनी पदर सावरला आणि “घाल” म्हणाल्या. जावयांनी त्यांच्या पांढऱ्या केसांवरून पट्टा हलकेच ओढला. बाजार सुरू झाला. दादींनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. छोट्या स्पीकरमधून भाजीवाल्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

“नमस्कार ताई. काय देऊ?”

“केया कितला डझन, रे भो?”

“कृपया पुन्हा बोला.”

“केया, केया. कितला डझन?”

“कृपया पुन्हा बोला.”

दादींनी हात पुढे करून हवेतला एक घड उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. “काय्या पडी गयात. दहा रुप्या कमी कर.”

“कृपया पुन्हा बोला.”

“बहिरा शे का रे तू?” मग मावशी बसली असेल असं वाटून त्या कपाटाकडे वळल्या. “मास्तरीन, याले कोनी शिकाडं वं?”

मावशीने जावयांकडे बोट दाखवलं. चष्म्यातून दादींना ते दिसलं नाही.